घोडा डावीकडे ताठ, उजवीकडे जास्तच मऊ : वाक आणि तोल कसा आणायचा?

खानापूर तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. सात वर्षांचा, 14 हँड (142 सेंटीमीटर) उंचीचा काठियावाडी वळणाचा घोडा. आधी जत्रेतल्या घोडागाडीच्या शर्यतींना पळवलेला, आता स्वारीसाठी तयार करायचा आहे. बेळगावात आठवड्यातून दोनदा प्रशिक्षकाकडे शिकवणी चालू आहे. डाव्या फेरीत घोडा मान ताठ करतो, डाव्या लगामावर ओझं टाकतो आणि वर्तुळ कापत आत येतो. उजव्या फेरीत मान लगेच वळवतो, पण अंग मात्र बाहेर घसरत जातं. दोन्हीकडे 'आतला लगाम घ्या, वाकवा' असं सांगितलं जातं, तरी फरक पडत नाही. यावर उपाय काय, किती काळ लागेल, आणि मधे जत्रा आली तर घोडा पुन्हा गाडीला जुंपावा का?

उत्तर.

तुम्हाला दोन दोष दिसताहेत, पण मूळ एकच आहे. घोड्याची उजवी बाजू आखडलेली आहे आणि त्याचं वजन डाव्या खांद्यावर पडतं. डावीकडे जाताना डावा खांदा आतला असतो, म्हणून घोडा आत पडतो. उजवीकडे जाताना तोच खांदा बाहेरचा होतो, म्हणून घोडा बाहेर सांडतो. 'उजवीकडे चांगला वाकतो' हा समज आधी सोडून द्या. उजवीकडे फक्त मान मुडपली जाते, घोडा वाकत नाही. आणि डावीकडे तो अडतो, कारण डावीकडे वाकायचं तर उजव्या बाजूचे स्नायू लांबवावे लागतात. नेमके तेच आखूड आहेत. दुखणं उजवीकडे, दिसतं डावीकडे. म्हणून डावा लगाम खेचत राहिल्यानं काही साधत नाही. घोड्याला टेकायला तुमचा हात मिळतो, इतकंच.

हे असं का होतं, ते हाडांच्या रचनेवरून कळतं. घोड्याच्या मानेत 7 मणके, पाठीत 18, कमरेत बहुधा 6, आणि त्यामागचे 5 एकमेकांत जुळून गेलेले. मान भरपूर वळते. पाठीला बरगड्या जोडलेल्या असल्यानं ती फारच थोडी वाकते, आणि जुळलेला भाग तर अजिबात नाही. वरून स्वाराला घोडा कमानीसारखा वाकल्यासारखा वाटतो. तेव्हा खरं घडतं ते असं : बरगड्यांचा पिंजरा थोडा बाहेर फिरतो, खांदे वर्तुळाच्या रेषेवर येतात आणि आतला मागचा पाय पोटाखाली शिरतो. त्यात भर म्हणजे घोड्याला माणसासारखं गळ्याखालचं आडवं हाड (कॉलरबोन) नसतं. छाती दोन पुढच्या पायांमध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. ही झोळी एका बाजूला सैल पडली की छाती तिकडे कलंडते. उभ्या घोड्याचं 55 ते 60 टक्के वजन आधीच पुढच्या पायांवर असतं, त्यात स्वार पुढच्या पायांच्या जवळ बसतो. तेव्हा मान वळवण्यापेक्षा खांदे उचलून जागेवर आणणं हे मोठं काम.

गाडीच्या घोड्याच्या दोन सवयी इथे आडव्या येतात. छातीच्या पट्ट्यावर झोकून देऊन ओढायचं, म्हणजे वजन पुढे टाकायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आणि पोटरीचा दाब म्हणजे काय, हे त्याला ठाऊकच नसतं. गाडीवाला मागून लगाम, आवाज आणि चाबूक यावर घोडा चालवतो. त्यामुळे तुम्ही आतली पोटरी लावली की तो बाजूला न सरकता पळू लागतो. यात घोड्याचा हट्ट नाही. त्याला ही भाषा शिकवायची राहिलीय.

शिकवणी पुढे नेण्याआधी दुखणं नाही ना, याची खात्री करा. ही पायरी गाळू नका. दुखणाऱ्या घोड्याला वाकवणं म्हणजे त्याला छळणं, आणि त्यातून तो फक्त चुकवायला शिकतो. पहिलं तोंड. शर्यतीत काटेरी कडी (लगामाला जोडलेला तोंडातला लोखंडी तुकडा) वापरली असेल तर ओठांचे कोपरे, जीभ आणि दातांमधल्या मोकळ्या हिरडीवर जुने वण आहेत का बघा. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या असतील तर गालाला आतून जखमा होतात आणि घोडा एका बाजूचा लगाम नाकारतो. पशुवैद्याकडून दाढा घासून घ्या, मग वर्षातून एकदा तपासा. पहिल्या दाढेपुढे लहान टोकदार दात असेल तर तो कडीला लागतो का, हेही विचारा.

मग पाय. कठीण, सपाट जमिनीवर घोडा हातात धरून सरळ दुडक्या चालीनं पळवा. डोकं एका पायाला वर उडतंय का, ते समोरून बघा. मागे जाऊन दोन्ही पुठ्ठे सारखे उचलतात का, ते बघा. नंतर लांब दोरीवर दोन्ही बाजूंना कावा देऊन, म्हणजे गोल फिरवून, हेच तपासा. एका बाजूला पावलं आखूड पडली किंवा डोकं उडालं, तर तो लंगडा आहे. त्याला स्वारीच्या धड्यांनी उतार पडणार नाही, डॉक्टरच हवेत. नाल किंवा खुरांची कापणी 5 ते 6 आठवड्यांनी. आपल्याकडच्या बाजारात बैलांना पत्र्या मारणारे कारागीर भेटतात. हात चांगला असला तरी ते काम वेगळं. घोड्याच्या खुराचा कोन आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी राखणारा नालबंदच शोधा. पुढचे दोन खूर वेगवेगळ्या कोनांचे असतील तर वाकडेपणाचं अर्धं कारण तिथेच असतं.

खोगीर घोड्याच्या दोन्ही खांद्यांमागे सारखं बसतं का बघा. आखडलेल्या बाजूचा खांदा लहान आणि दुसरा भरलेला असतो, त्यामुळे खोगीर एका बाजूला घसरतं आणि स्वारही तिकडे लटकतो. कडी साधी, मधे एक किंवा दोन सांधे असलेली स्नॅफल. तोंडात बसल्यावर ओठांच्या दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा सेंटीमीटर जागा राहिली पाहिजे. नाकपट्टीखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जावीत. तोंड करकचून बांधलं तर घोडा जबडा सैल सोडूच शकत नाही, आणि जबडा सैल झाल्याशिवाय कानांमागचा सांधा मोकळा होत नाही.

वजनाचाही हिशेब करा. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा. घेर 160 आणि लांबी 148 असेल तर घोडा सुमारे 319 किलोचा. स्वार आणि खोगीर मिळून त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, म्हणजे इथे 64 किलोच्या आत. तोल शिकणाऱ्या घोड्यासाठी त्याहून कमीच बरं. स्वार जड असेल तर पहिले दोन महिने हलक्या अंगाचा, मांड पक्की असलेला स्वार शोधा.

आता कामाचं. पहिले पंधरा दिवस घोडा जमिनीवरूनच शिकवा. गाजराचे ताण रोज, पण काम झाल्यावर, अंग गरम असताना. घोडा चौकोनी, म्हणजे चारही पायांवर सारखा, उभा करा. गाजर दाखवत हनुवटी छातीला, मग पुढच्या गुडघ्यांच्या मधे, मग पोटाच्या तंगाजवळ (खोगीर बांधायच्या पट्ट्याजवळ), मग मागच्या मांडीकडे न्या. प्रत्येक जागी पाच-सात सेकंद धरून मगच गाजर द्या, प्रत्येक ताण दोन्ही बाजूंना पाच वेळा. हिसका नको, आणि पाय हलवून फसवू देऊ नका. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे ताण आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने दिल्यावर कण्याला लगटून असलेला आधाराचा स्नायू जाड झालेला आणि दोन्ही बाजूंना सारखा झालेला आढळला. तेव्हा हे लाड नाहीत, कामच आहे.

त्याच पंधरवड्यात पोटरीचा अर्थ समजवा. घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ उभे राहा, लगाम हनुवटीजवळ धरा आणि चाबकाच्या मुठीनं तंगामागे, स्वाराची पोटरी जिथे येते तिथे हलकं टोचा. मागचा डावा पाय उजव्या पायासमोरून ओलांडून पडला की लगेच हात काढा, मानेवर थोपटा. दोन-तीन पावलं पुरेत. दुसऱ्या बाजूनंही तेच. घोडा पुढे सरकत असेल तर भिंतीकडे तोंड करून उभा करा. दाबापेक्षा दाब सोडण्याची वेळ त्याला जास्त शिकवते. इथे घाई केली तर पुढचं सगळं कोसळतं.

स्वार बसल्यावर सुरुवात उभ्या घोड्यावरच करा. डावीकडचा वाक हवा असेल तर डावी मनगट थोडी वळवून लगाम दोन-तीन सेंटीमीटर आखूड करा, आणि उजवा हात तितकाच पुढे द्या. घोड्याच्या डाव्या डोळ्याची कड आणि नाकपुडीची कड दिसली की बस. त्याहून जास्त नको. इथे दोन्ही कानांकडे बघा. कान एकाच उंचीवर असतील तर वाक कानांमागच्या सांध्यातून आला. एक कान खाली गेला, नाक वाकडं झालं, तर घोड्यानं डोकं तिरकं करून तुम्हाला चकवलं. अशा वेळी दोन्ही हात थोडे वर घ्या, बाहेरचा लगाम मऊ करा, आतली पोटरी लावा, डोकं सरळ झालं की पुन्हा विचारा. घोड्यानं जबडा हलवला, ओठ ओले झाले की दोन्ही हात त्याच क्षणी हलके करा.

मग चालीवर, म्हणजे वॉकला. 20 मीटरचं वर्तुळ काढा. मधे खुंटी ठोका, 10 मीटर दोरी बांधा, तिच्या टोकाशी चुन्याची पिशवी धरून फिरा. चार दिशांना चार खुणा ठेवा. जुने टायर चालतील, विटा नकोत, पाय लागून जखम होते. वर्तुळ नुसतं गोल फिरायचं असं समजू नका. चारही खुणांजवळ ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर घोडा गेला पाहिजे. डाव्या फेरीत तुम्हाला दिसेल की तो एका ठरावीक खुणेपाशी आत कापतो, बहुधा फाटकाकडे किंवा तबेल्याकडे पाठ होते तिथे. त्या खुणेच्या चार पावलं आधी आतली पोटरी लावा, नंतर नाही. खांदा पडल्यावर तो उचलण्यापेक्षा पडू न देणं सोपं.

पोटरी कधी लावायची, यावर बराच परिणाम अवलंबून आहे. वॉकला घोड्याचं पोट डावी-उजवीकडे झुलतं. आतला मागचा पाय पुढे येताना पोट बाहेर जातं आणि तुमची आतली पोटरी आपोआप घोड्याच्या अंगाला टेकते. दाब द्यायचा तो याच क्षणी, कारण तेव्हाच तो पाय हवेत असतो आणि कुठे पडायचं हे बदलू शकतो. पाय जमिनीवर असताना कितीही दाबलं तरी काही होत नाही, घोडा फक्त मठ्ठ होतो. सुरुवातीला प्रशिक्षकांनी बाजूला उभं राहून तो पाय उचलला की 'आत्ता' म्हणावं. आठवड्याभरात स्वाराला न बघता कळू लागतं.

दोन्ही फेऱ्यांत मागण्या वेगळ्या ठेवा, ही तुमच्या प्रशिक्षकांशी बोलण्याची मुख्य गोष्ट.

डाव्या फेरीत : डावी पोटरी तंगाजवळ, बरगड्या बाहेर ढकलायला. वजन डाव्या बैठकीच्या हाडावर, पण खांदा खाली न टाकता. उजवा लगाम मानेला लागून, इतका सैल की उजवी बाजू लांबू शकेल, इतका घट्ट की मान वाहवत जाणार नाही. डावा लगाम विचारतो आणि सोडतो, धरून ठेवत नाही. घोडा डाव्या हातावर ओझं टाकू लागला की दोन पावलांपुरता तो हात चार बोटं पुढे द्या. टेकायला काही उरलं नाही की घोड्याला स्वतःचे पाय वापरावे लागतात.

उजव्या फेरीत : आतल्या, म्हणजे उजव्या लगामाला जवळजवळ विसरा. मान छातीच्या मधोमध सरळ ठेवा, वाक फक्त डोळ्याची कड दिसण्यापुरता. डावा, म्हणजे बाहेरचा लगाम खांद्याला भिंतीसारखा टेकू देतो, आणि स्वाराची डावी मांडी घोड्याचे खांदे उजवीकडे वळवते. वळणं जमलं तर चौकोनी काढा : 15 मीटरचा चौकोन, चारही कोपऱ्यांवर खांदे वळवायचे, मधे नाकापासून शेपटीपर्यंत सरळ. वर्तुळापेक्षा चौकोन या बाजूला जास्त काम करतो. इथे 'वाकवा, वाकवा' म्हणणं सर्वांत घातक, कारण मुडपलेली मान आणखी मुडपते आणि डावा खांदा आणखी सांडतो.

दोन्ही फेऱ्यांना वेळ सारखाच द्या. 'ताठ बाजूवर जास्त काम' हा सल्ला सगळीकडे ऐकायला मिळतो. पण एका बाजूला दमलेला घोडा त्याच बाजूला आणखी आखडतो. तीन-चार मिनिटांनी फेरी बदला. बदलताना तीन-चार पावलं अगदी सरळ न्या, मग नवा वाक विचारा. सरळ पावलांशिवाय बदललं तर घोडा एका खांद्यावरून थेट दुसऱ्या खांद्यावर पडतो.

बरोबर चाललंय की नाही, हे तपासायला आरशाची गरज नाही, दंताळं पुरेल. वर्तुळाचा माग दंताळ्यानं ओढून साफ करा, त्यावरून एक फेरी घ्या, उतरून ठसे बघा. डाव्या फेरीत मागच्या डाव्या खुराचा ठसा पुढच्या डाव्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या किंचित पुढे, त्याच रेषेत पडला पाहिजे. तो आतल्या बाजूला पडत असेल तर घोडा पुठ्ठा आत धरतोय. बाहेर पडत असेल तर मागचा भाग घसरतोय, तेव्हा बाहेरची पोटरी तंगामागे एक वीत हवी. पुढचे ठसे एका बाजूला जास्त खोल रुतलेले दिसले, तर वजन कुठे पडतंय तेही कळतं. आठवड्यातून एकदा मोबाइलवर त्या ठशांचा फोटो काढून ठेवा. स्वाराच्या अंदाजापेक्षा हा पुरावा पक्का.

वॉकवर दोन्ही बाजूंना ठसे जुळू लागले की दुडकी, म्हणजे ट्रॉट. उठत-बसत चालवा. बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं, मागे येताना बसायचं. त्यामुळे आतला मागचा पाय टेकतो तेव्हा तुम्ही बसलेले असता आणि त्या पायाला काम मिळतं. वेग सगळ्यात आधी आटोक्यात. वेगानं गोल धावणारा घोडा मान बाहेर टाकतो आणि चोर्ला घाटातल्या वळणावरच्या मोटारसायकलसारखा आत कलतो. माउलींच्या वारीतलं गोल रिंगण ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांच्या हे डोळ्यांसमोर येईल. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी चालत आळंदीला जातात आणि वारीत रिंगणात धावतात. तिथे वेग हीच शोभा, आणि ती कलण्याची रीत घोड्याला निसर्गानंच दिलेली. पण स्वार पाठीवर घेऊन लहान वर्तुळात रोज असं कलत राहिलं तर आतल्या पायाचे सांधे झिजतात. आपल्याला घोडा न कलता वळायला हवाय, म्हणून दुडकी इतकी संथ ठेवा की तुम्ही कुठल्याही पावलाला वॉकवर येऊ शकाल.

तोल येतो तो चाली बदलण्यातून. 20 मीटरच्या वर्तुळावर 10-12 पावलं दुडकी, 5-6 पावलं वॉक, पुन्हा दुडकी. असे दहा-बारा बदल एका फेरीत, मग विश्रांती. वॉकवर येताना हात मागे ओढायचे नाहीत. पाठ उंच, पोटात बळ, मांड्या क्षणभर घट्ट, बोटं मिटली, आणि घोड्यानं वजन मागे घेतलं की लगेच बोटं सैल. यालाच हाफ-हॉल्टचं, म्हणजे घोड्याला क्षणभर रोखून लगेच सोडण्याचं, बीज म्हणा. नीट झालेल्या बदलात घोड्याचं डोकं वर उडत नाही आणि पहिलं पाऊल आखूड पडत नाही. वर उडलं, तर बदल आधी तयार न करता मागितला गेला. पुढच्या वेळी चार पावलं आधी तयारी सुरू करा.

याच्या पुढची पायरी वर्तुळ लहान-मोठं करणं. 20 मीटरपासून हळूहळू 14 मीटरपर्यंत आत या आणि आतल्या पोटरीनं पुन्हा बाहेर 20 मीटरवर न्या. आत येताना खांदे आणायचे असतात, मान ओढायची नसते. बाहेर जाताना घोड्यानं आतला मागचा पाय बाहेरच्या पायासमोर टाकला पाहिजे. डाव्या फेरीत बाहेर जाणं हे तुमच्या घोड्यासाठी सर्वांत मोलाचं, कारण त्यात डावा खांदा हलका होतो आणि उजवी बाजू लांबते. उजव्या फेरीत हाच प्रकार जपून करा, तो बाहेर जायला टपलेलाच असतो.

शोल्डर-इन हा या दोषावरचा खरा उपाय. अठराव्या शतकात फ्रेंच स्वारांनी तो रूढ केला आणि अजून त्याला तोड नाही. भिंतीच्या कडेनं जाताना खांदे आत घ्यायचे, पुठ्ठा रेषेवरच, कोन साधारण 30 अंशांचा. समोरून बघणाऱ्याला पायांच्या तीन रेषा दिसतात : बाहेरचा मागचा, मग बाहेरचा पुढचा आणि आतला मागचा एकाच रेषेत, मग आतला पुढचा. चार रेषा दिसल्या तर कोन जास्त झाला किंवा पुठ्ठा बाहेर सांडला. सुरुवात वॉकवरच. कोपऱ्यात 10 मीटरचं वर्तुळ काढा, ते संपताना पुन्हा वर्तुळात शिरायचं असं एक पाऊल टाका, तिथेच बाहेरच्या लगामानं थांबवून आतल्या पोटरीनं कडेनं पुढे न्या. पाच-सहा पावलं, मग सरळ, मग लांब लगाम. नेहमीची चूक म्हणजे आतला लगाम ओढून फक्त मान आत आणणं. तेव्हा पायांच्या दोनच रेषा दिसतात आणि घोडा सरळच चाललेला असतो. दुसरी चूक म्हणजे स्वार कंबरेत मोडून आत झुकतो. स्वाराचं नाक, सदऱ्याच्या गुंड्यांची रेषा आणि खोगिराचा मध्य एका सरळीत राहिला पाहिजे. रिकिबीच्या पट्ट्याही मोजा. डाव्या बाजूनं चढण्याच्या सवयीनं डावा पट्टा ताणून लांब होतो आणि स्वार कायमचा वाकडा बसतो. पट्टे दर आठवड्याला अदलाबदल करा, आणि चढायला ओटा वापरा.

जमिनीवर ठेवलेले लाकडी पोल एकदा आठवड्यातून. 14 हँडच्या घोड्याला वॉकसाठी 75-80 सेंटीमीटर, दुडकीसाठी 1.1 ते 1.2 मीटर अंतर. चार पोल वर्तुळावर पंख्यासारखे ठेवा, हे माप मधल्या रेषेवर. गुळगुळीत पीव्हीसी पाइप नकोत, पायाखाली फिरतात. घोडा पोलवर धडकत असेल तर अंतर त्याच्या पावलाप्रमाणे पाच-पाच सेंटीमीटरनं बदला, त्याला चाबूक दाखवून उडवू नका.

शिकवणीचा वेळ 45 मिनिटांपेक्षा वाढवू नका, त्यातली पहिली दहा मिनिटं लांब लगामावर मोकळा वॉक. बाकीच्या दिवसांपैकी तीन दिवस अर्धा-पाऊण तास काम, एक दिवस चढ-उतारावर वॉक, एक दिवस मोकळा. राजहंसगडाच्या पायथ्यासारखे मंद उतार यासाठी छान. चढताना मागचे पाय ढकलतात, उतरताना सावकाश, सरळ उतरलं की ते वजन पेलायला शिकतात. उतारावर घोडा वाकडा जाऊ लागला तर थांबवा, सरळ करा, मग पुढे.

जमिनीचं आपल्याकडे विशेष सांगावं लागतं. खानापूरकडची तांबडी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, पावसाळ्यात निसरडी. अथणी-गोकाककडची काळी माती ओली असेल तर पाय ओढून धरते, सुकली की भेगाळते, दोन्ही वेळी वर्तुळावर पाय मुरगळतो. निचऱ्यासाठी खाली मुरूम ठोकून वर 8 ते 10 सेंटीमीटर वाळू असलेला गोल आखाडा करता आला तर उत्तम. वाळू 15 सेंटीमीटरवर गेली तर पायाच्या कंडरांवर ताण येतो. जून ते सप्टेंबर दुडकीची वर्तुळं सोडून कडक रस्त्याच्या कडेला किंवा मुरमाच्या पायवाटेवर वॉकवरचं शोल्डर-इन आणि थांबण्या-निघण्याचे बदल करा. त्यानं काम मागे पडत नाही. काम कमी झालं की हरभरा आणि हुलगेही कमी करा, कडबा आणि हिरवा चारा वाढवा. नाहीतर पावसाळ्यानंतर जो घोडा बाहेर येईल त्याला वाक सुचणार नाही.

काळ किती? आठवड्यात पाच दिवस नेमानं काम झालं तर तीन-चार आठवड्यांत वॉकवर ठसे जुळायला लागतात. दोन-अडीच महिन्यांत 15 मीटरच्या वर्तुळावर दुडकी दोन्हीकडे सारखी जाते. कॅंटर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगाची चाल, तोवर वर्तुळावर घेऊ नका. आधी घेतला तर डाव्या खांद्यावर पडण्याची जुनी सवय दुप्पट वेगानं परत येते. पुढे जायची परवानगी घोडाच देतो : दुडकीत आतला हात दोन-तीन पावलांसाठी आयाळीवरून वीतभर पुढे द्या. वर्तुळ, वेग आणि वाक तसाच राहिला तर घोडा स्वतःच्या पायांवर आहे. राहिला नाही, तर अजून तुमच्या हातावर आहे. हे रोज एकदा तपासा. नाक छातीकडे ओढून धरणारे जादा लगाम, दोरीच्या कप्प्या, बाजूला बांधलेले पट्टे यांचा मोह टाळा. त्यांनी मान वाकते आणि पाठ खाली जाते, म्हणजे मिळवायचं तेच जातं.

जत्रेच्या शर्यतीबद्दल. या तीन-चार महिन्यांत घोडा गाडीला जुंपू नका, एकाही दिवसासाठी नको. छातीवर झोकून भरधाव ओढताना तो जे स्नायू वापरतो तेच आपण सैल करतोय, आणि हाताखालच्या कडीबद्दल त्याला नुकताच आलेला विश्वास ओढाताणीच्या एका दुपारी तुटतो. घरात शर्यतीची हौस असेल तर त्यासाठी दुसरं जनावर ठेवा. पुढे दुडकी आणि कॅंटर दोन्ही बाजूंना पक्के झाल्यावर हलक्या गाडीला, साध्या स्नॅफलवर, वॉक आणि दुडकीत, मोकळ्या रस्त्यावर चालवायला हरकत नाही. मात्र तेव्हाही दुसऱ्या दिवशी दंताळं ओढून ठसे बघा. डावा पुढचा ठसा पुन्हा खोल रुतायला लागला असेल तर गाडी सोडा आणि पंधरा दिवस वॉकच्या वर्तुळावर परत या.